चार की पाच?

पुणे,
जूनमधला एक रविवार

प्रिय मृणाल,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. निम्मा ड्रेस्डेनच्या घरभाड्याचा, थोडा न मिळणाऱ्या कढीपत्त्याचा आणि शेवटी जाता जाता मुद्द्याचा: दादाच्या चिन्मयला मेकॅनिकल मिळेलसं दिसतंय, तर यादीत पाच वर्षांची ड्युअल डिग्री वर टाकायची की चार वर्षांचं बी.टेक.? वहिनी म्हणतायत, "दोन डिग्र्या मिळतायत तर घे की!" आणि तू म्हणतेस, "तू केलंयस, तूच सांग." बोलायला लागले की मला फाटे फुटतात, म्हणून चहाचा कप घेऊन सरळ लिहायला बसले.

वहिनींचं गणित चुकीचं नाही गं. बी.टेक.ची चार आणि एम.टेक.ची दोन अशी सहा वर्षं होतात, ती इथे पाचात उरकतात. मध्ये एम.टेक.साठी गेट परीक्षा द्यायची भानगड नाही. 2009 साली आमच्या घरीही हाच हिशेब चालला होता. बाबा तर आषाढ सेलमधल्या साड्यांबद्दल बोलावं तसे शेजारीपाजारी सांगत सुटले होते, "एकावर एक आहे!" खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते. माझ्या रँकला पवईच्या आयआयटीतलं चार वर्षांचं मेकॅनिकल बसत नव्हतं, पाच वर्षांचं बसत होतं. बस्स. मास्टर्स म्हणजे नक्की काय, हे मला तेव्हा चिन्मयला आज कळतंय तेवढंच कळत होतं.

पहिली तीन वर्षं फरक असा काही जाणवतच नाही. तू वालचंद कॉलेजला जे घोकत होतीस तेच मी पवईत घोकत होते: थर्मो, एसओएम, टीओएम, फ्लुइड मेकॅनिक्स. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा घासून घासून काटकोनात आणायचा आणि सरांनी गुण्या लावून उजेडाकडे धरला की फटीतून सूर्य दिसायचा, हे दोन्हीकडे सारखंच. चौथ्या वर्षी मात्र एम.टेक.चे विषय डोक्यावर येऊन बसतात. माझे उष्णतेचे आणि प्रवाहाचे होते. आणि त्या वर्षाच्या शेवटी एक गोष्ट होते, जिच्याबद्दल माहितीपुस्तकात अक्षर नसतं: हॉस्टेल रिकामं होतं. बरोबरच्या बी.टेक.वाल्या गाद्या, बादल्या, सायकली ज्युनिअरना विकून निघून जातात, नोकरीला लागतात, पहिल्या पगाराचे फोटो टाकतात. तू मेसमध्ये एकटी.

वर आमच्या वेळी दोन्ही डिग्र्या पाचव्या वर्षाच्या शेवटी एकदमच मिळायच्या. म्हणजे चार वर्षांनी हातात काय? काही नाही. त्या मे महिन्यात सांगलीला एका लग्नात आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "अजून शिकतेसच? राहिलेबिहिलेत का गं विषय?" मी ड्युअल डिग्री समजावून सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "असू दे, पुढच्या वेळी निघतील."

आत्याला तरी काय बोलायचं? ड्रेस्डेनला गेल्यावर तुझी पहिली मेल काय होती? "इथे सगळे मोठे साहेब डिप्लोमावाले आहेत!" त्यांच्या नावाआधीचं 'डिप्लोम-इंजिनिअर' वाचून तुला आपलं पॉलिटेक्निक आठवलं होतं, दहावीनंतरची तीन वर्षं. पुढे तूच शोधून कळवलंस की तिकडचं ते डिप्लोम म्हणजे बॅचलर आणि मास्टर्स वेगळे न करता सलग शिकायचं, सुमारे पाच वर्षांचं. 1999 च्या बोलोन्या करारानंतर जर्मनीनं बहुतेक ठिकाणी त्याचे दोन तुकडे केले, पण तुमच्या ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठानं मेकॅनिकलसाठी ते दहा सेमिस्टरचं डिप्लोम राखलं. मग माझी पाच वर्षं तुझ्या त्या साहेबांच्याच जातकुळीतली. आत्याला कोण सांगणार!

आता पाचव्या वर्षाबद्दल, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. माझ्या प्रोजेक्टचा सांगाडा साधा होता: पंख्यानं हवा ढकलायची, वाटेत पंख लावलेल्या नळ्या, नळ्यांतून गरम पाणी. पाण्यानं दिलेली उष्णता आणि हवेनं घेतलेली उष्णता जवळपास जुळायला हवी. सकाळी जुळायची. तासाभरानं पाणी हवेच्या दीडपट उष्णता द्यायला लागायचं. म्हणजे मधल्या मधे उष्णता चोरीला जात होती! मी गळती शोधली, जोडांना साबणाचं पाणी लावलं, टेफ्लॉन टेप बदलली, वरून ग्लासवूल गुंडाळून गुंडाळून त्या डक्टला रजईत झोपवलं. सात आठवडे गेले. गाइड दर सोमवारी एवढंच विचारायचे, "मग?"

एके दिवशी लॅबमधल्या काकांनी सहज हात लावून म्हटलं, "मॅडम, हा वायरचा जोड गरम लागतोय." तो जोड होता थर्मोकपलचा, बाहेर जाणाऱ्या पाण्याचं तापमान मोजणाऱ्या तारेचा. तिथून मीटरपर्यंत एक्स्टेन्शन वायर मीच जोडली होती. लाल म्हणजे प्लस, हे शाळेपासून अंगवळणी पडलेलं. पण त्या तारेच्या अमेरिकन रंगपद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस. (तुमच्याकडे हिरवी-पांढरी असते, तुला हसायला काय जातंय!) मी मीटरला उलटी जोडली, गरम केल्यावर आकडा खाली जायला लागला, म्हणून शहाणपणानं दुसऱ्या टोकालाही उलटी केली. आकडा वर जायला लागला, मी खूश. पण आता मधला तुकडा उलटा बसला होता. असं झालं की जोड मीटरपेक्षा जितका गरम, त्याच्या दुपटीनं आकडा कमी दिसतो. सकाळी सगळं थंड, त्यामुळे सगळं बरोबर. तासाभरानं जोड दोन अंश तापला की आकडा चार अंश खाली. पाणी खरं निवत होतं आठ अंश, मी लिहीत होते बारा. झाली की दीडपट!

काय झालं असेल सांग? मी हसले नाही, रडले नाही. कॅन्टीनला जाऊन दोन वडापाव खाल्ले. मग परत येऊन सात आठवड्यांची रीडिंग्ज रद्द केली.

मृणाल, आपण चार वर्षं जी प्रॅक्टिकल्स केली त्यांची उत्तरं सिनिअरच्या जर्नलमध्ये आधीच लिहिलेली होती. रीडिंग चुकलं तर आपण काय करायचो? जर्नलमध्ये बघून दुरुस्त करायचो. पाचव्या वर्षी समोर कुणाचंच जर्नल नव्हतं. चूक कुठे आहे ते मला कुणी सांगू शकत नव्हतं, गाइडसुद्धा नाही, कारण ती वायर त्यांनी जोडलेली नव्हती. आज कंपनीत टेस्ट बेडवर आकडा वेडावाकडा आला की मी आधी मोजणारं तपासते, मग यंत्र. हे मी कुठल्याही विषयात शिकले नाही.

पण याचा अर्थ चिन्मयनं ड्युअलच घ्यावं असा नाही. माझ्याबरोबरचे काही जण पाचव्या वर्षी कन्सल्टिंगच्या मुलाखतींची तयारी करत होते आणि प्रोजेक्ट कसंबसं ओढत होते. त्यांना ते वर्ष शिक्षेसारखं गेलं. ज्याला पुढे एमबीए करायचंय, कोडिंगकडे वळायचंय किंवा एमएसला बाहेर जायचंच आहे, त्यानं चार वर्षांत मोकळं व्हावं. आणि सतराव्या वर्षी हे ठरत नसेल तर बिघडलं काय? कानपूर, मद्राससारख्या ठिकाणी आत गेल्यावर, दोन-तीन वर्षं शिकून झाल्यावरही ड्युअलकडे वळता येतं. नियम बदलत असतात, तेव्हा ज्या त्या संस्थेचं या वर्षीचं नियमपुस्तक त्याला स्वतः वाचायला लाव. वहिनींना नको, त्याला.

त्याला एवढंच विचार: एखादी बिघडलेली वस्तू घेऊन तो किती वेळ बसू शकतो? सायकल, मिक्सर, काहीही. तासाभरानं वैतागून 'दुकानात देऊ' म्हणत असेल तर चार वर्षं पुरे. रात्री जेवायला हाक मारली तरी उठत नसेल, तर पाच वर्षांचं वर टाक म्हणावं. दोन डिग्र्यांसाठी नको, त्या शेवटच्या वर्षासाठी.

वहिनींना नमस्कार, दादाला विचारलंय म्हणून सांग. कढीपत्ता वाळवून पाठवते. आणि चिन्मय काय म्हणाला ते कळव, पण यादी लॉक व्हायच्या आत.

तुझी,
शुभदा