बिघडलेला फ्लॅश घेऊन साताऱ्याहून मिरजेपर्यंत

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे कृष्णेने एकत्र बांधले आहेत. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी वाईवरून खाली येते, साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला कोयनेला सोबत घेते आणि सांगलीला पोहोचते. पुणे-मिरज रेल्वेही पुष्कळशी तिच्याच खोऱ्यातून धावते. या वाटेने कोणी मिरजेच्या दर्ग्याला जातो, कोणी हळदीच्या पेठेत, कोणी मिरजेच्या दवाखान्यात. गेल्या हिवाळ्यात आम्ही या वाटेने गेलो ते फोटोग्राफीचा एक बिघडलेला दिवा घेऊन. दिवा आमच्या भाचीचा. ती साताऱ्यात लग्नांचे फोटो काढते.

आपल्या घरांत तिच्या कामाला एक वेगळी गरज आहे. निकाहच्या दिवशी बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर नको, असे पुष्कळ घरांना वाटते. मग मेहंदीचे, नवरीचे, नानी-दादीचे फोटो राहूनच जातात. भाचीने हे काम धरले आणि दोन वर्षांत सातारा, कोरेगाव, रहिमतपूरपर्यंत तिला बोलावणी येऊ लागली. त्यासाठी तिने बचत गटाचे कर्ज काढून तीन स्टुडिओ लाइट घेतले. एका खेड्यातल्या लग्नात जनरेटरचा दाब वरखाली झाला आणि त्यातला मोठा लाइट बंद पडला. आतला छोटा पिवळा बल्ब लागे, पंखा फिरे, पण फ्लॅश उडेना. मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरने फोनवरच सांगितले, "त्याचे पार्ट येत नाहीत, नवीन घ्या." जुन्याचे हप्ते अजून फिटायचे होते आणि तीन आठवड्यांत दोन लग्ने होती. कोणीतरी सांगलीच्या एका मिस्त्रींचे नाव सांगितले. भाची म्हणाली, "मामू, तुम्ही येता का सोबत? एकटीला तिथे काय समजणार?" शाळेला सुटी होती. आम्ही निघालो.

साताऱ्याचे रेल्वे स्टेशन गावापासून बरेच बाहेर, माहुलीच्या बाजूला आहे. सकाळची थंडी, उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि फुटलेली गुऱ्हाळे पाहत गाडी कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड करत पुढे जाते. कराडनंतर जमीन सपाट आणि काळी होते. ताकारी गेले की किर्लोस्करवाडी येते. इथे आम्ही भाचीला खिडकीतून बाहेर पाहायला सांगितले, कारण या स्टेशनाची गोष्ट तिच्या मांडीवरल्या पेटीशी जुळणारी आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. 1888 साली त्यांनी बेळगावात सायकल दुरुस्तीचे दुकान काढले. दुसऱ्याने बनवलेली वस्तू उघडायची, ती कशी चालते ते समजून घ्यायचे आणि पुन्हा चालती करायची, इथून त्यांची सुरुवात झाली. पुढे कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर आले. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानाच्या राजांनी त्यांना कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. 1910 साली तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या मुळाशी एक दुरुस्तीचे दुकान आहे, हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते.

सांगलीच्या जुन्या पेठेत एका अरुंद गल्लीत मिस्त्रींचे दुकान आहे. वय सत्तरीच्या आसपास. व्हॉल्व्हच्या रेडिओपासून सुरुवात केली, मग ट्रान्झिस्टर, मग टीव्ही, मग आसपासच्या गावांतले स्टुडिओवाले फ्लॅश घेऊन येऊ लागले. भिंतीला लागून जुन्या दिव्यांचे सांगाडे लटकलेले. त्यांतला एकही भंगार नाही, ते त्यांचे गोदाम आहे. आम्ही शिक्षक आहोत हे कळताच म्हणाले, "मग सर, तुम्हाला समजेल असं सांगतो. पोरी, तू पण बघ. फक्त हात लावायचा नाही."

त्यांनी आधी स्क्रू काढले नाहीत. दिवा केव्हा बंद पडला, त्या दिवशी वीज कुठली होती, बंद पडताना आवाज झाला का, जळका वास आला का, असे प्रश्न विचारले. हकीम नाडीला हात लावण्याआधी विचारतो तसे. मग झाकण उघडले आणि दोन बल्ब ओळीने जोडलेल्या वायरची टोके आतल्या दोन ठिकाणी टेकवली. दिवा तीन दिवसांपासून प्लगला लावलेला नव्हता, तरी ते बल्ब क्षणभर उजळून विझले. भाची दचकली. मिस्त्री म्हणाले, "हीच ती चीज. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं समजायचं नाही. हे काम करताना माझा एक हात कायम खिशात असतो. दोन्ही हात आत गेले तर धक्का छातीतून जातो."

वर्गात आम्ही कंडेन्सरचे चित्र फळ्यावर काढतो. तो प्रत्यक्षात काय करतो ते त्या टेबलावर दिसले. आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची म्हणतात, पण ती सतत वरखाली होणारी वीज आहे आणि तिची शिखरे सुमारे 325 व्होल्टपर्यंत जातात. डायोड तिला एकाच दिशेने जाऊ देतात आणि ती कंडेन्सरांत साठते. या दिव्यात सुमारे 1500 मायक्रोफॅरडचे चार कंडेन्सर होते. हिशेब केला तर साठणारी ऊर्जा साधारण 300 ज्यूल येते. 10 वॉटचा एलईडी बल्ब अर्धा मिनिट जळायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीच. फरक असा की फ्लॅश ती सगळी सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात उधळतो. झेनॉन वायू भरलेली काचेची नळी असते. तिच्यावर एक छोटी कॉइल हजारो व्होल्टचा झटका देते, वायू वीज वाहू देतो आणि साठलेले सगळे एका क्षणात प्रकाश होऊन बाहेर पडते. अमेरिकेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1930 च्या दशकात या तंत्राला कामाचे रूप दिले. त्याआधीचे फोटोग्राफर मॅग्नेशियमची पूड पेटवत आणि कधी कधी स्वतःचे हात भाजून घेत.

आमच्या दिव्यात दोन डायोड जळाले होते, त्यांनी फ्यूज नेला होता आणि एका कंडेन्सरचे डोके फुगले होते. नळी आणि कॉइल ठीक होती. मिस्त्रींनी जुन्या सांगाड्यातला कंडेन्सर काढला, मीटरवर तपासला, बाजूला ठेवून दिला आणि नवा लावला. म्हणाले, "जुना चालला असता, पण हिच्या लग्नात फुटला तर माझं नाव जाईल." मग दिवा कमी दाबावर हळूहळू चार्ज करायला लावला. "दोन तास लागतील. मिरजेला जाऊन या."

सांगली ते मिरज अंतर फार नाही. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात फातिहा झाली, जोहरची नमाज झाली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर याच आवारात आहे. ते 1937 साली वारले आणि त्यांच्या स्मरणार्थ उरुसात दरवर्षी गायन-वादनाची मैफल होते. जवळच सतारमेकरांची गल्ली आहे. भोपळ्यांच्या माळा, लाकडाचा भुसा, लाखेचा वास, आणि मधूनच छेडलेली एखादी तार.

या कारागिरांचे मूळ आडनाव शिकलगार. शब्द 'सैकल'वरून आला. उर्दूत सैकल म्हणजे घासून आणलेली चकाकी. यांचे पूर्वज तलवारी आणि भाले घासत, दुरुस्त करत. लढाया थांबल्या, हत्यारांचे दिवस गेले, तसे काम गेले. एकोणिसाव्या शतकात या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी गवयांच्या बिघडलेल्या तंबोऱ्यांना हात लावला, ते दुरुस्त केले आणि मग स्वतः बनवायला शिकले. आज देशभरातले गवई आणि वादक मिरजेचे वाद्य मागतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका दुकानात एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीचा माथा कानसीने केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. आम्ही थांबलो तेवढ्या वेळात त्यांनी हे पंधरा-वीस वेळा केले. त्यांच्या शेजारी तेरा-चौदा वर्षांचा नातू बसला होता आणि प्रत्येक वेळी मान हलवून सांगत होता, झाले की नाही.

परत येताना भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामू, त्या चाचांकडे नातू आहे. सांगलीच्या काकांकडे कोण आहे?"

हा प्रश्न आम्ही मिस्त्रींना विचारला. त्यांची दोन्ही मुले पुण्यात नोकरीला आहेत. "पोरं येतात, आठ दिवस बसतात, मोबाइल दुरुस्तीत पैसा लवकर मिळतो म्हणून जातात," ते म्हणाले. अडचण तेवढीच नाही. पूर्वी यंत्रासोबत त्याच्या सर्किटचा नकाशा मिळायचा, आता मिळत नाही. नव्या एलईडी लाइटमध्ये सगळ्या चिप एकाच पट्टीवर असतात. पंख्यात धूळ साचली, उष्णता बाहेर पडेना, की ती पट्टी जळते आणि तसलीच पट्टी बाजारात सुटी मिळत नाही. अख्खा दिवा फेकावा लागतो.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी 45 फूट आहे. शहराच्या पेठांत पाणी शिरले आणि कित्येक स्टुडिओ बुडाले. पाणी उतरल्यावर लोक चिखलाने भरलेले दिवे पोत्यात घालून मिस्त्रींकडे आले. "ज्यांनी घाईने प्लग लावून पाहिला, त्यांचे गेले. ज्यांनी तसेच आणले, त्यांचे मी आधी साठलेली वीज काढली, साध्या पाण्याने गाळ धुतला, आठ-आठ दिवस वाळवले, कंडेन्सर बदलले. पुष्कळ चालू झाले." ज्यांचे दुकान, घर, अल्बम सगळे वाहून गेले होते, त्यांना चालू झालेला एक दिवा म्हणजे पुन्हा उभे राहायला पाय होता. विम्याचा अर्ज पुढे सरकेपर्यंत रोजी त्याच्यावर चालली.

आमचा दिवा संध्याकाळी उडाला. छोटीशी 'फट्' आणि गल्लीभर पांढरा उजेड. मजुरी आणि सामान मिळून चौदाशे रुपये झाले. नव्या दिव्याला आठ-नऊ हजार लागले असते. भाचीची दोन्ही लग्ने वेळेवर झाली, अल्हम्दुलिल्लाह.

ज्यांच्या घरात मुलगा-मुलगी या व्यवसायात आहे, त्यांच्यासाठी मिस्त्रींच्या चार गोष्टी इथे देतो. स्टुडिओ फ्लॅश घरी कधीही उघडू नये, प्लग काढून कितीही दिवस झाले तरी. लग्नात जनरेटर सुरू किंवा बंद होत असताना दिव्यांचा प्लग काढून ठेवावा. दिवा महिनोन्‌महिने बंद ठेवू नये, कारण न वापरलेले कंडेन्सर कमजोर होतात. दोन महिन्यांतून एकदा तरी कमी शक्तीवर लावून तासभर चालवावा. एलईडी लाइटचा पंखा दर महिन्याला मऊ ब्रशने साफ करावा आणि काम संपल्यावर दिवा गार झाल्याशिवाय पेटीत कोंबू नये.

सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने अशा चार क्षेत्रांपासून त्याची सुरुवात झाली. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग द्यावेत, हा त्यामागचा विचार आहे. ही मागणी ग्राहकांनी लावून धरायला हवी. पण नकाशा आणि पार्ट हातात आले तरी ते लावणारे हात हवेत. ते हात तयार व्हायला वर्षे लागतात, आणि शिकवणारा बसलेला असताना शिकणारा समोर नसेल तर ती वर्षे परत येत नाहीत.

दहावीच्या निकालानंतर पालक आमच्याकडे येतात तेव्हा ज्याला कमी गुण मिळाले त्याच्याविषयी खाली मान घालून बोलतात. त्यांना आम्ही आता सांगतो की आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, दहावी पास मुलाला आणि मुलीलाही तिथे जागा आहे. त्यासोबत आठवड्यातून दोन दिवस एखाद्या जुन्या मिस्त्रीजवळ बसवा. मोबदला मागू नका, चहा त्याचा प्यावा आणि झाडू आपण मारावा. तलवार घासणाऱ्या हातांनी तंबोरा उचलला म्हणून मिरज टिकली. आपल्या मुलांच्या हातात मीटर आणि सोल्डरिंग गन येऊ शकते. भाची आता महिन्यातून एक रविवार सांगलीला जाते. गेल्या खेपेला तिने पहिल्यांदा स्वतः डायोड बदलला, एक हात खिशात ठेवून.