अमडापूरची लेक आणि कासेगावची सून

चिखलीहून खामगावकडे निघाले की वाटेत अमडापूर लागते. बल्लाळदेवीची टेकडी ही आमच्या गावाची खूण. भोवताली काळी जमीन, तीत सोयाबीन, तूर आणि कपाशी. या गावातून माणसे बाहेर पडली ती पोटासाठी. कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, कोणी सुरतेला. पण समुद्रापलीकडे नांदायला गेलेली लेक आमच्या वस्तीने पाहिली नव्हती. ती वेळ आमच्याच घरावर आली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही चिखलीला कारकुनी करतो. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे आणि रात्री विहारात बसून कोणाची शिष्यवृत्ती, कोणाचे जातीचे प्रमाणपत्र, कोणाचे निराधार योजनेचे कागद भरून द्यायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. आमच्या थोरल्या बंधूंची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. गेल्या वर्षी उन्हाळ्यात ती घरी आली आणि तिने सांगितले की, तिच्याच कंपनीतल्या एका जर्मन तरुणाशी लग्न करायचे तिने ठरवले आहे. लग्नानंतर राहायचे जर्मनीत.

वहिनी चुलीपुढे होत्या. तव्यावरची भाकर तशीच राहिली आणि करपली. त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊजी, तुमी त सभेत लय बोलता. आता सांगा, तिकडं पोरगी आजारी पडली त कोन हाये तिचं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. दर १४ एप्रिलला आम्ही सांगतो की, बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनावर लिहिताना आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय म्हटले. टाळ्याही मिळतात. पण त्या दिवशी आमच्याच तोंडून निघाले, "बाई, आपल्यातला मुलगा मिळाला नसता का?" पुतणीने शांतपणे विचारले, "काका, आपल्यातला म्हणजे कोण?" वाचकहो, इतकी वर्षे दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न आमच्याकडे परत आला होता. रात्रभर झोप लागली नाही.

शेवटी असे ठरले की, पुण्याला जाऊन मुलाला भेटायचे आणि मग निर्णय घ्यायचा. आम्ही मनात आणखी एक गोष्ट धरली होती. परक्या देशातून लग्न करून येऊन महाराष्ट्राच्या मातीत रुजलेली एक बाई आम्हाला वाचून ठाऊक होती. तिचे गाव वहिनींना दाखवायचे होते.

खामगावहून चिखलीमार्गे जाणाऱ्या रात्रीच्या गाडीने बंधू, वहिनी आणि आम्ही निघालो. देऊळगाव राजा, जालना, छत्रपती संभाजीनगर करीत सकाळी पुण्यात उतरलो. मुलगा साधा वाटला. त्याने हात जोडून "जय भीम" म्हटले. उच्चार वेडावाकडा होता, पण मान खाली गेली ती मनापासून. वहिनी त्याच्याशी दोन शब्दही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे साताऱ्यावरून कराड आणि तिथून पुढे महामार्गालगतच्या कासेगावला गेलो.

कासेगाव हे सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्याचे गाव. आमच्या कोरडवाहू डोळ्यांना तिथला हिरवा ऊस पाहून नवल वाटते. याच गावी डॉ. गेल ऑम्वेट सून म्हणून आल्या. २ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात त्यांचा जन्म झाला. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचा आणि पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला त्या महाराष्ट्रात आल्या. त्या अभ्यासावर १९७३ साली बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. १९७६ साली डॉ. भारत पाटणकर यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि १९८३ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे इथली होताना तिथले नागरिकत्व त्यांना सोडावे लागले.

एका टपरीवर चहा घेता घेता आम्ही हे सारे वहिनींना सांगितले. सासूबाई इंदुताई पाटणकर या साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या लढ्यातल्या. सून आली म्हणून त्यांनी तिला स्वयंपाकघरात कोंडले नाही. स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत आणि परित्यक्ता बायांच्या लढ्यात सासू-सुना बरोबरीने उभ्या राहिल्या. गेलबाई मराठी शिकल्या, खेड्यापाड्यांतून हिंडल्या, शेतमजूर बायांत बसल्या. दलित चळवळीवर त्यांनी १९९४ साली ग्रंथ लिहिला. भारतातील बौद्ध धम्मावर २००३ साली आणि बाबासाहेबांवर २००४ साली त्यांची पुस्तके आली. आपला इतिहास त्यांनी जगाच्या विद्यापीठांत नेला. इंदुताई २०१७ साली गेल्या आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी गेलबाईंनीही याच कासेगावात देह ठेवला.

वहिनी बराच वेळ उसाकडे पाहत बसल्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, तिच्या मायनंबी असंच म्हटलं असंन का? तिकडं कोन हाये म्हून?"

आम्ही ग्रंथ वाचले होते, सनावळी पाठ होती. पण मिनियापोलिसच्या त्या आईचा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता. तो अमडापूरच्या आईच्या मनात आला. आमच्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला.

परतीच्या वाटेवर आम्ही चौघांत मिळून हिशेब मांडला, कारण पुतणीही पुण्याहून आमच्याबरोबर निघाली होती. परकी सून कासेगावात रुजली ती कशाच्या बळावर? भाषा शिकली, स्वतःचे काम सोडले नाही, सासरने माणूस म्हणून मान दिला आणि कायद्याचे कागद पक्के केले. या चार गोष्टी आपल्या मुलीला मिळणार असतील तर अडवायचे कशाला? आणि नसतील तर मुलगा गावातला असून तरी काय उपयोग? परित्यक्ता बाया काही परदेशातच असतात असे नाही. आपल्या वस्तीतही आहेत.

भाषेचे पुतणीने मनावर घेतले. जर्मन नागरिकाच्या पत्नीला तिकडे राहायचा व्हिसा मिळण्यासाठी साधारणपणे जर्मन भाषेची पहिली परीक्षा, म्हणजे ए-वन, पास व्हावी लागते. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. तिथे ती नोकरी सांभाळून शिकली. बाबासाहेबांनीही जर्मनीच्या बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते, हे आम्ही तिला सांगितले तेव्हा ती हसून म्हणाली, "मग मला नापास होता येणार नाही."

कागदांचे काम आमच्याकडे आले. इतर कुटुंबांनाही उपयोग होईल म्हणून सांगतो. भारतात असे लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ प्रमाणे करावे. नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागते. नोटीस लागल्यावर पुन्हा ३० दिवस थांबायचे आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. पुतणीने घरूनच कंपनीचे काम करीत महिनाभर अमडापुरात मुक्काम केला. बुलढाण्याला नोंदणी झाली. त्यानंतर आमच्या विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन, साध्या पांढऱ्या कपड्यांत मंगल परिणय पार पडला.

निघण्यापूर्वी आम्ही तिला काकाच्या नात्याने आणि कारकुनाच्या सवयीने बजावले. पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला स्वतःजवळ ठेव. पगाराचे खाते स्वतःच्या नावाचे ठेव. बर्लिनला भारताचा दूतावास आहे; फ्रँकफर्ट, म्युनिक आणि हॅम्बुर्गला वाणिज्य दूतावास आहेत. त्यातल्या जवळच्या कचेरीचा फोन नंबर लिहून ठेव. नागरिकत्वाची घाई करू नको. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की आपले संपते. मग ओसीआय कार्ड मिळते, त्यावर येणे-जाणे सोपे होते. पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्या माणसांना मताचा हक्क किती कष्टाने मिळाला, हे लक्षात ठेवून मग ठरव.

आता ती तिकडे आहे. सुरुवातीचे दिवस कठीण गेले. हिवाळ्यात चार-साडेचारलाच अंधार, शेजारी कोणी विनाकारण बोलत नाही, दुकानात चार वाक्ये जुळवताना घाम फुटतो. एकदा ती फोनवर रडली. वहिनींनी तिला परत ये असे म्हटले नाही, काळजी करू नको असेही म्हटले नाही. "आज काय शिजवलंस?" एवढेच विचारले आणि पिठल्यात किती पाणी घालायचे ते सांगत बसल्या.

वहिनी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पण जर्मनीचे घड्याळ उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास आपल्यामागे असते, हे त्यांना तोंडपाठ झाले आहे. जावई फोनवर आला की त्या विचारतात, "जेवले का?" तो तिकडून सांगतो, "जेवलो, आई." त्याचा पुढचा शब्द अजून अडखळतो. वहिनी तो दुरुस्त करून देतात, आणि तोही आमच्या वऱ्हाडीत.

आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी वेळ आली, तर आधी मुलीशी बोला, मग मुलाला भेटा, मग कागद पाहा. जात आणि देश सगळ्यांत शेवटी. आम्ही उलटे करायला निघालो होतो. पुतणीच्या एका प्रश्नाने आम्हाला अडवले, हे तिचे आमच्यावर ऋण आहे.