चार्जर राहिला

खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरून बाबांना गाडी वळवायला लावली. ‘‘अगं, राहिलं तरी काय?’’ आईनं विचारलं. मी म्हणाले, ‘‘चार्जर.’’

राहिली होती अल्प्राझोलमची स्ट्रिप, ०.२५ मिलिग्रॅमची. डॉक्टरांनी २ आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी मी १४ महिने घेत होते. जुनीच चिठ्ठी, नवं दुकान. एकीच्या दोन, दोनाच्या तीन. ‘झोपेपुरतीच तर घेते,’ असं स्वतःला सांगायचे. पण त्या दिवशी गोळीची वेळही झाली नव्हती. ती फक्त पर्समध्ये नव्हती, आणि माझे तळहात ओले झाले होते.

लग्नाहून परतल्यावर डॉक्टरांना खरा आकडा सांगितला. ‘‘एकदम बंद करू नकोस, फिट येऊ शकते. हळूहळू उतरवू,’’ त्या म्हणाल्या.

आता आईला चार्जरचं सांगायचंय.