एका गुणाचे अंतर

यंदा गणेशोत्सवाच्या सुटीत आमचा पुतण्या पुण्याहून बेळगावास आला होता. मोटारींच्या कारखान्यात नोकरी असल्यामुळे त्याच्या बोलण्यात यंत्रांखेरीज दुसरा विषय सहसा नसतो. एके रात्री आरती व जेवणे उरकल्यावर, "काका, आज माझ्या आवडीचं काहीतरी बघाच," असा हट्ट धरून त्याने 'रश' नावाचा इंग्रजी चित्रपट लावला. संतवाङ्मय आणि हजेरीपट यांतच हयात घालविलेल्या आम्हांस मोटारींच्या शर्यतीचे काय होय! अर्ध्या तासात डुलकी लागेल, अशी आमची खात्री होती. प्रत्यक्षात चित्रपट संपल्यावरही आम्हांस झोप आली नाही.

रॉन हॉवर्ड यांचा २०१३ सालचा हा चित्रपट १९७६ च्या फॉर्म्युला वन शर्यतींवर आधारलेला आहे. इंग्लंडचा जेम्स हंट देखणा, बेफिकीर, रंगेल. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा हिशेबी, फटकळ, पहाटे उठून काम करणारा. १ ऑगस्ट रोजी जर्मनीतील न्यूरबर्गरिंगच्या मार्गावर लाउडाची मोटार पेटली. चेहरा भाजला, विषारी धुराने फुप्फुसे पोळली, रुग्णालयात धर्मगुरूंनी अखेरची प्रार्थनाही उरकली. आणि सहा आठवड्यांत हा मनुष्य ओल्या जखमांवर शिरस्त्राण चढवून इटलीतील शर्यतीत चौथा आला!

चित्रपटाचे बळ असे की, तो दोघांपैकी कोणालाही खलनायक करीत नाही. लाउडाचे काम करणारा डॅनियल ब्रूल तर अभिनय करीत आहे असे वाटतच नाही. शर्यतींची दृश्ये आम्हांसारख्या अडाण्याचाही श्वास रोखून धरतात.

उणिवाही आहेत. प्रत्यक्षात हे दोघे उमेदवारीच्या काळापासूनचे मित्र. चित्रपटाने त्यांचे वैर बरेच तिखट करून वाढले आहे. लाउडाचा अपमान करणाऱ्या पत्रकारास हंट बदडतो, हा प्रसंग तर निव्वळ कल्पित. बायकांच्या वाट्याला वाट पाहणे आणि डोळे पुसणे याहून फारसे काही आलेले नाही. डोळ्यांस दिसते तेच समालोचक पुनःपुन्हा कानी घालतो, तेही कंटाळवाणे.

परंतु आमची खरी तक्रार शेवटाविषयी आहे. २४ ऑक्टोबरला जपानमधील फुजी येथे अखेरची शर्यत. लाउडाचे ६८ गुण, हंटचे ६५. मुसळधार पाऊस, समोरचे काही दिसेना. भाजलेल्या पापण्यांमुळे लाउडाचे डोळेही धड मिटत नव्हते. दोन फेऱ्यांनंतर तो थांबला. हंट तिसरा आला, चार गुण मिळवून ६९ वर पोहोचला आणि एका गुणाने जगज्जेता ठरला. चित्रपट लाउडाच्या माघारीला पत्नीच्या आठवणीचा मुलामा देतो आणि लगेच हंटमागे धावत सुटतो. दोनदा जगज्जेता ठरलेला फिटिपाल्डी धरून आणखी तिघांनी त्या दिवशी पावसामुळेच शर्यत सोडली होती. पाहणाऱ्यास मात्र वाटते की एकटा लाउडाच थांबला. त्याहून मोठी गोष्ट पुढची. इंजिनात बिघाड झाला असे जाहीर करू, असे संघाच्या अभियंत्याने लाउडास सुचविले होते. त्याने नकार दिला. आपण स्वतःहून थांबलो, हेच त्याने जगास सांगितले.

हे वाचून आम्हांस आमचाच एक विद्यार्थी आठवला.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या धावण्याच्या स्पर्धेत भर पावसात नववीतला एक मुलगा सर्वांच्या पुढे होता. वाटेतल्या मोरीवरून पाणी वाहू लागलेले पाहून तो थांबला आणि परत आला. आम्ही कारण विचारले. तो म्हणाला, "सर, भीती वाटली." दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेसमोर आम्ही त्यास पळपुटा म्हटले. धैर्यावर वीस मिनिटे व्याख्यानही झोडले.

त्या व्याख्यानाचा परिणाम झाला, हे कबूल केले पाहिजे. त्यानंतर आमच्या शाळेतील एकाही मुलास कधी भीती वाटली नाही. जो कोणी मागे पडे, त्याचा पाय मुरगळलेला असे. खरे बोलणाऱ्यास शिक्षा देऊन आम्ही साऱ्या शाळेस सबब शिकविली, हे समजायला आम्हांस बारा वर्षे आणि एक इंग्रजी चित्रपट लागला.

तो मुलगा आता उद्यमबागेत एका कारखान्यात काम करतो. गणपती विसर्जनानंतर आम्ही त्यास गाठले. तेलकट हात पुसत तो लगबगीने बाहेर आला, वाकून नमस्कार केला. "त्या दिवशी आमचं चुकलं. तू खरं बोललास, आणि आम्ही तुला टाकून बोललो," एवढेच आम्ही म्हणालो.

"सर, कुठलं काय? मला तर आठवतही नाही," तो हसून म्हणाला आणि चहा आणायला वळला.

त्याला सारे आठवत होते. आमच्या मनाला लागू नये म्हणून तो खोटे बोलला. आणि ती विद्या त्यास आमच्याच शाळेत मिळाली होती.