पाणी घालू नका

जुलै-ऑगस्टात आमच्या कोथरूडच्या गॅलरीखाली माणसं मान वर करून थांबतात, ती कळलावीसाठी. नोव्हेंबर ते मे त्याच कुंडीत नुसती माती असते. खरी कसोटी त्या महिन्यांतली. घरी आलेला प्रत्येक जण सांगतो, "अहो, ही कुंडी रिकामीच आहे, कोथिंबीर तरी लावा." कामाच्या बाई मायेनं तांब्याभर पाणी ओततात. वरच्या मजल्यावरच्या कुंड्यांचं पाणी ठिबकतं ते वेगळंच. म्हणून कुंडी भिंतीलगत सरकवून तिच्यावर पाटी लावली आहे : पाणी घालू नका.

कळलावी जिथे रानात उगवते त्या शेजारच्या वेताळ टेकडीची माती आठवा. वीतभर थर, खाली मुरूम आणि कातळ. पुण्याचा वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात; मग मेपर्यंत ठणठणाट. कळलावी या कोरड्याशी झुंजत बसत नाही. ऑक्टोबरच्या उन्हात पानं पिवळी पडतात, वेल वाळून जातो आणि सगळी शिदोरी कंदात जाते. तिला बहुवर्षायू म्हणायचं, पण जमिनीखालचा कंदही तोच राहत नाही. जूनमध्ये ज्याच्या बळावर कोंब वर येतो तो कंद पावसाळाभरात सुरकुतून संपतो आणि शेजारी नवा तयार होतो. म्हणूनच पानं हिरवी असताना वेल छाटायचा नाही. पुढच्या वर्षीचा कंद तीच भरत असतात.

कंद नांगरासारखा, दोन फाट्यांचा. फाट्याच्या टोकाशी डोळा असतो, बटाट्यासारखे अंगभर डोळे नसतात. टोक मोडलं की त्या फाट्याचं काम संपलं. आणि हे टोक काकडीपेक्षा कडकन मोडतं. उन्हाळ्यात कुंडी उकरताना खुरपं बाजूला ठेवावं, कुंडी आडवी करून माती हातांनी सोडवावी, हातमोजे घालूनच. कंद आडवा, दोन-तीन इंच खोल. माती, भरड वाळू आणि जुनं शेणखत. पाणी तळाशी थांबता कामा नये. वळवाच्या सरीनं मोहरून जाऊन लगेच झारी उचलायची नाही. कोंब दिसला की मगच.

आधार बारीक हवा. कळलावीचं पान टोकाशी लांबत जातं आणि ते टोकच वळून वेटोळं घालतं; तोच तिचा हात. गॅलरीचा जाड लोखंडी पाइप त्या वेटोळ्यात मावत नाही. टेकडीवर ती करवंदीच्या जाळीत शिरते, माझ्याकडे तुरकाट्यांवर चढते. बांबूच्या देखण्या जाळ्या मिळतात बाजारात, पण तुरकाटी ती तुरकाटी.

फूल उमलताना खाली तोंड करतं आणि सहाही पाकळ्या मागं, वर वळतात. कडा नागमोडी. आधी हिरवट, मग बुडाशी पिवळ्या नि टोकाला लाल, शेवटी सगळंच लाल; एकाच वेलावर तिन्ही अवस्था एकदम. सगळ्यात गंमत कुक्षीवृंताची, म्हणजे स्त्रीकेसराच्या दांड्याची : तो बुडाशीच काटकोनात वळून फुलाबाहेर आडवा येतो, पाकळ्यांच्या गर्दीतून अंग काढून घेतल्यासारखा.

फुलांच्या आधी येते ती अळी. काळी, अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके, दिसायला राजबिंडी. कळलावीच्या अंगभर विष आहे, सगळ्यात जास्त कंदात आणि बियांत. या अळीला त्याचं काही वाटत नाही. रात्रीतून शेंड्याची पानं फस्त. सकाळी चहाआधी पानांची खालची बाजू बघून अळ्या वेचायच्या. फवारण्याची गरज पडत नाही. त्या विषाचं नाव कोल्चिसिन. गाऊटवर ते औषध आहे, बिनबियांच्या कलिंगडामागेही तेच आहे, आणि त्याच्यासाठीच, बियांकरता, तमिळनाडूत कळलावीची शेती होते. तिथलं ते राज्यफूल. आमच्याकडे एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात तिला प्रवेश मिळणं कठीण, कारण प्रदर्शन जानेवारीत आणि बाईसाहेब तेव्हा मातीखाली.

टेकडीवरून कंद उपटून आणू नये. गिरिपुष्पाच्या लागवडीत आधीच तिथल्या मूळच्या झुडपांना जागा उरलेली नाही. शेंग तडकली की शेंदरी बिया दिसतात, त्यांतल्या चार पुरतात. रुजायला महिने लागतात, फुलायला दोन-तीन पावसाळे. घाई असलेल्यांनी शेवंती लावावी.

ऑगस्टात बरेच जण कंद मागतात. मी म्हणते, एप्रिलात या. ज्यांच्या घरी रांगतं मूल किंवा कुत्रं आहे त्यांना तेव्हाच नाही सांगते. बाकीच्यांपैकी एप्रिलात एखादाच उगवतो. त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला मातकट फाटा ठेवला की तो विचारतो, "रोज किती पाणी घालायचं?"