'सर्व्हर डाऊन' : एका शेऱ्याची चौकशी

"सर्व्हर डाऊन आहे" हे आजच्या प्रशासनातील सर्वांत सोयीचे वाक्य असावे. पूर्वी "साहेब दौऱ्यावर आहेत" हे वाक्य जे काम करीत असे, तेच आता हे करते. या वाक्यात कोणी कर्ता नाही, त्यामुळे कोणी जबाबदारही नाही.

त्याची किंमत मला कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात दिसली. कल्लणै येथे कावेरीचे पाणी विभागले जाते आणि कालव्या-उपकालव्यांतून तंजावर भागातील शेवटच्या गावांपर्यंत जाते. या टोकाच्या गावांना तमिळमध्ये 'कडैमडै' म्हणतात. जानेवारी-फेब्रुवारीत सांबा हंगामाचे भात सरकारी खरेदी केंद्रांसमोर रचलेले असते. आर्द्रतेची सर्वसाधारण मर्यादा १७ टक्के. नोंद एक रात्र लांबली की दव पडते, धान्य पुन्हा वाळवावे लागते. अर्थशास्त्रात याला व्यवहारखर्च म्हणतात; तो शेतकरी भरतो आणि कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

खरेदीशी संबंधित एका कार्यालयात पाहणीसाठी गेलो असता नवा सर्व्हर खोक्यातून बाहेर येऊनही निरुपयोगी पडून होता. त्याची प्रणाली दूरच्या केंद्रातून जाळ्यावरून उतरवायची होती. यंत्र पुरवणारा म्हणे यंत्र ठीक, लाइनवाला म्हणे लाइन ठीक, केंद्र म्हणे आमच्याकडे सर्व ठीक. गंमत अशी की तिघेही खरे बोलत होते.

एका तरुण अभियंत्याने आपला लॅपटॉप त्याच जोडणीला लावला आणि काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा टंकित केली. पहिली 'पिंग'. माइक मूस यांनी १९८३ च्या डिसेंबरात लिहिलेली ही छोटी आज्ञा केवळ हाक मारते आणि 'ओ' येते का, किती वेळात येते, ते सांगते. येथे 'ओ' आली. (ती न आल्यास पलीकडचे यंत्र बंदच असते असे नाही, काही यंत्रांना गप्प राहण्याचा आदेश असतो.) दुसरी 'ट्रेसराउट'. ती निरोपाला आधी एका टप्प्याचे आयुष्य देते, मग दोन, मग तीन. निरोप जेथे संपतो तेथील यंत्र बहुधा तसे कळवते. पाणी कोठवर आले हे पाहण्यासाठी पाटकरी कालव्याच्या काठाने चालत जातो, तसेच हे. वाट केंद्रापर्यंत सलग होती. 'डिग'ने नावावरून पत्ताही बरोबर मिळाला.

मग त्याने 'टीसीपीडम्प' चालवली. आमच्या भाषेत ही आवक-जावक नोंदवही. नवा सर्व्हर सुरू होताच "मला पत्ता द्या" असा अर्ज पुन्हा पुन्हा करताना दिसला. केंद्रातील सहकाऱ्याने तिकडे तीच आज्ञा चालवली, तर आवकेत हा अर्ज नव्हताच! कारण साधे होते. पत्ता नसलेले यंत्र कोणा एकाला पत्र लिहू शकत नाही; ते सर्वांना उद्देशून पुकारा करते आणि हा पुकारा आपल्या जाळ्याची वेस ओलांडत नाही. वेशीवरच्या राउटरने तो उचलून पुढे धाडायचा असतो. तशी एक ओळ राउटरमध्ये लिहिलेली नव्हती. ती लिहिताच काही मिनिटांत काम सुरू झाले.

तंजावरच्या भोसल्यांचे मोडी दप्तर सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. कागद कोठून आला, कोठे गेला, याची नोंद ठेवणे हा कारभाराचा जुनाच धर्म आहे. आपण यंत्रे आणली आणि तो धर्म मात्र यंत्रांवर सोपवून मोकळे झालो.

माझे मत असे की 'सर्व्हर डाऊन' हा शेरा कोणत्याही कार्यालयाने एकटा स्वीकारू नये. त्याच्यासोबत तीन गोष्टी असाव्यात : हाकेला 'ओ' आली का, वाट कोठे तुटली, आणि अर्ज जावकेत असून आवकेत नाही असे कोठे झाले. यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. एका दुपारच्या प्रशिक्षणात लिपिकही हे शिकेल. आज्ञा फुकट आहेत. नसते ती वेशीपर्यंत चालत जाऊन पाहण्याची सवय. ती लागेपर्यंत टोकाच्या गावातला शेतकरी भात राखत रात्र काढणार.