शेवटचं गाणं परत आलं

एका खोलीत नवराबायको नाचताहेत. नाच तरी कसला, एकमेकांना धरून उभ्याउभ्या सावकाश फिरणं. त्याच्या अंगात सदरा नाही. उजेड मागच्या खिडकीतून येतो, त्यामुळे दोन माणसांपेक्षा दोन सावल्याच जास्त दिसतात. डायना वॉशिंग्टनचं 'धिस बिटर अर्थ' लागलं आहे. कॅमेरा हलत नाही, जवळ जात नाही, मध्येच दुसरं काही दाखवून आपली सुटका करत नाही. गाणं सरतं. ती त्याला आणखी जवळ ओढू पाहते आणि तो तिचे हात बाजूला सारून निघून जातो. ती खिडकीपाशी उरते.

चार्ल्स बर्नेटच्या 'किलर ऑफ शीप'मधला हा प्रसंग मोठ्या पडद्यावर पाहण्याचं भाग्य आपल्याकडे फार थोड्यांना मिळालं असेल. मला तो डिस्कवरच भेटला, दिवाणखान्यात, शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देत असताना. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. हा सिनेमाच मुळी घराचा आहे. ओटा, टेबल, जाळीचं दार, दाराबाहेर मुलांचा गोंगाट. शेजारचा कुकर त्यात सहज मिसळून जातो. म्हणूनच या चित्रपटाची डिस्क कशी झाली आहे, हा प्रश्न मला चित्रपट कसा आहे या प्रश्नाइतकाच मोठा वाटतो. ज्याला थिएटर जवळजवळ मिळालंच नाही, त्याचं डिस्क हेच घर.

दक्षिण लॉस एंजेलिसमधली वॉट्स ही कृष्णवर्णीयांची वस्ती. ऑगस्ट 1965 मध्ये तिथे उठाव झाला, 34 माणसं मेली आणि वस्तीचं नाव जगभर झालं ते त्या जाळपोळीमुळे. बर्नेट मिसिसिपीत जन्मलेला, पण वाढला याच वस्तीत. यूसीएलए विद्यापीठात शिकताना त्याने 1972-73 च्या सुमाराला, बहुतेक करून शनिवार-रविवारी, 16 एमएमच्या कॅमेऱ्यावर हा चित्रपट टिपला आणि पदवीचा प्रबंध म्हणून सादर केला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सगळं त्याचंच. खर्च दहा हजार डॉलरांच्याही आत. कलाकारांत बरेचसे वस्तीतलेच लोक आणि तिथलीच पोरं.

कथा सांगायला गेलं तर हाती काही लागत नाही. स्टॅन कत्तलखान्यात मेंढ्या मारण्याचं काम करतो आणि त्याला झोप लागत नाही. हेन्री सँडर्सने त्याचा थकवा असा धरला आहे की चेहऱ्यावर दुःख दाखवायची वेळच येत नाही. नुसता उभा राहिला तरी कळतं. त्याच्या बायकोला चित्रपटात नावच नाही. श्रेयनामावलीतही ती 'स्टॅनची बायको' एवढीच. केसी मूरने ती केली आहे, आणि नाव नसलेल्या त्या बाईचा आरशासमोरचा वेळ मला कित्येक नामवंत नायिकांच्या लांबलचक संवादांहून अधिक ऐकू येतो. दोन मुलं आहेत. धाकटी मुलगी कुत्र्याचा मुखवटा घालून कुंपणापाशी उभी राहते. पोरं या छपरावरून त्या छपरावर उड्या मारतात आणि खालून कॅमेरा नुसता वर बघत राहतो.

एकदा स्टॅन मित्राबरोबर गाडीचं जुनं इंजिन विकत आणतो. ते जिन्यावरून खाली उतरवणं, धापा टाकणं, बोटं सांभाळणं, अखेर ट्रकच्या मागच्या कडेवर कसंबसं टेकवणं, हे सगळं बर्नेट पुरतं दाखवतो. 'आणखी थोडं आत ढकलू' म्हटलं तर मित्र नको म्हणतो. बोट दुखावलंय त्याचं. गाडी चढावर आहे. सुरू होताच इंजिन खाली पडतं आणि फुटतं. दोघं उतरून बघतात आणि निघून जातात. चालत्या गाडीच्या मागच्या बाजूने आपण बघत राहतो, आणि इंजिन रस्त्यावर लहान लहान होत जातं. पगाराचे पैसे होते ते. कुणी रडत नाही, कुणी भांडत नाही, आणि हसू आलं तर तेही चुकीचं वाटत नाही. दुसऱ्या एका प्रसंगात स्टॅन चहाचा गरम पेला गालाला लावतो आणि त्या उबेवरून त्याला बायकोच्या जवळिकीची आठवण होते. टेबलापाशी बसलेला मित्र त्यावर हसतो. आपण काही गरीब नाही, हेही स्टॅन एकदा ठासून सांगतो: आम्ही दुसऱ्यांना वस्तू दान देतो, गरिबाला कुठलं दान परवडतं!

आता अशा चित्रपटाची डिस्क तोलायची कशी? परीक्षणांची रूढ पद्धत ठरलेली आहे: चित्राला इतके तारे, आवाजाला इतके, 'जादा मजकुरा'ला इतके. ती मापं दहा हजार डॉलरांच्या या चित्रपटाला लावली की फसगत होते. चित्र काचेसारखं स्वच्छ नाहीच. ते स्वच्छ झालं तर माझ्या मते बिघडलं. 16 एमएमच्या पट्टीचा ग्रेन, तो सतत हलणारा कणांचा पडदा, हा इथे धुळीचा नव्हे, हवेचा भाग आहे. ग्रेन घासून काढण्याची यंत्रं आज स्वस्त आहेत. त्यांतून निघालेली माणसं मेणाची दिसतात. पाहुण्यांसाठी आवरून ठेवलेल्या खोलीत घरच्यांची चाहूल उरत नाही, तसं होतं ते. चौकटही जुनी, चौरसाकडे झुकणारी. रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला चित्र ताणणारे लोक आपल्या सगळ्यांच्याच नात्यात आहेत.

मूळ नेगेटिव्हला व्हिनेगर सिंड्रोम जडला होता. अॅसिटेटची फिल्म उष्णतेने आणि दमटपणाने कुजायला लागली की डबा उघडताच शिरक्याचा भपकारा येतो, पट्टी आक्रसते, वाकडी होते. एकदा सुरू झालेली ही कुज थांबवता येत नाही, फक्त थंडीत ठेवून लांबवता येते. यूसीएलएच्या चित्रपट संग्रहालयातल्या रॉस लिपमन यांनी ते अवशेष सावरून 35 एमएमवर नवी प्रत उतरवली. जुन्या मराठी निर्मात्यांच्या घरी माळ्यावर पडलेल्या डब्यांचं काय होत असेल, हा विचार इथे आल्याशिवाय राहत नाही. पुण्यात चित्रपट संग्रहालय 1964 पासून आहे. डबे मात्र माळ्यावरच सुरक्षित, अशी समजूत अजून पुष्कळ घरांत टिकून आहे.

पण या चित्रपटाला खरी आडकाठी कुजण्याची नव्हती, गाण्यांची होती. बर्नेटने वस्तीच्या जगण्याखाली कृष्णवर्णीय संगीताचा इतिहासच अंथरला होता: विल्यम ग्रँट स्टिलची सिंफनी, लिट्ल वॉल्टरचा ब्लूज, अर्थ, विंड अँड फायर या बँडच्या गाण्याबरोबर आपल्याच तंद्रीत बाहुलीला गाऊन दाखवणारी ती धाकटी मुलगी. पोरं पडक्या, राडारोड्याच्या जागेत खेळत असतात आणि वरून पॉल रोबसनचा धीरगंभीर आवाज 'द हाउस आय लिव्ह इन' म्हणत देश म्हणजे काय ते विचारतो. विद्यापीठाच्या प्रबंधाला कुणाची परवानगी लागत नाही. तिकीट लावायचं म्हटलं की लागते, आणि तीही दुहेरी: रचनेचे हक्क एकाकडे, ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे. म्हणून चित्रपट अडकला. 1981 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. 1990 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचं नाव चढलं. म्हणजे देशाने ज्याला आपला ठेवा म्हटलं, तो देशातल्या कुणालाही दुकानात मिळत नव्हता. वर्गांतून, महोत्सवांतून झिजलेल्या प्रती फिरत राहिल्या.

डेनिस डोरोस आणि एमी हेलर या दांपत्याच्या 'माइलस्टोन फिल्म्स' या छोट्या संस्थेने हा गुंता सोडवला. दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गने पैशाची मदत केली. गाण्यांच्या हक्कांसाठी सुमारे दीड लाख डॉलर मोजावे लागले. चित्रपट बनला त्याच्या पंधरापट. 2007 च्या वसंतात तो थिएटरांत लागला आणि त्याच वर्षी दोन डिस्कांचा संच निघाला. एक गाणं तेवढं मिळालं नाही. शेवटाला डायना वॉशिंग्टनचंच 'अनफर्गेटेबल' होतं. त्याऐवजी 'धिस बिटर अर्थ' पुन्हा वाजवलं गेलं.

तेव्हापासून जगभर बहुतेकांना माहीत झालेला शेवट तो. आणि शेवट म्हणून तो वाईट नव्हताच, ही यातली गंमत. खोलीतल्या फसलेल्या नाचाचं गाणं कत्तलखान्यात परत येतं. स्टॅन मेंढ्यांना पुढे हाकलतो. घरात जे मेलं तेच इथेही मरतंय असा धागा आपोआप जुळतो. तडजोड इतकी बेमालूम बसली होती की तिच्यावर प्रबंध लिहावा.

2025 साली यूसीएलए, माइलस्टोन आणि डिस्क काढणारी क्रायटेरियन ही कंपनी यांनी मिळून नवं 4के रूप काढलं आणि त्यात 'अनफर्गेटेबल' आपल्या जागी परतलं. जरा आधीच, सोफ्यावर बसलेल्या स्टॅनचा हात बायकोच्या गुडघ्यावर आलेला असतो आणि ती हसलेली असते. पुन्हा कत्तलखाना येतो. त्याच मेंढ्या, तोच माणूस, पण वर आता गोड, रेशमी, कुणाला तरी विसरता न येण्याचं प्रेमगाणं. ते गाणं मेंढ्यांसाठी की बायकोसाठी की स्टॅनलाच उद्देशून, हे चित्रपट सांगत नाही. मला हा शेवट निःसंशय मोठा वाटतो. जुना शेवट आपल्याला काय वाटावं ते ठरवून देत होता. हा ठरवत नाही. घरातली ऊब अंगावर घेऊनच माणूस कामावर आला आहे आणि काम तर हेच आहे, एवढं समोर ठेवतो. मघाचा गुडघ्यावरचा हात या गाण्यामुळे खरा ठरतो. जुन्या शेवटात तो हात वाया जात होता.

चित्राबद्दल. 16 एमएमच्या पट्टीला 4के कशाला, असं कुणीही विचारेल, आणि विचारणं बरोबरच आहे. तेवढा तपशील पट्टीत नाहीच. पण ग्रेन ग्रेनसारखा दिसायला जागा लागते. डीव्हीडीच्या 480 ओळींत त्याचा चिवडा होतो आणि काळोख्या स्वयंपाकघरात काळे चेहरे भिंतीत विरघळू लागतात. नव्या प्रतीत त्या चेहऱ्यांना त्यांचे उतार-चढाव मिळाले आहेत, आणि काळ्या माणसांच्या घरावरच्या चित्रपटात ही बाब तांत्रिक म्हणून बाजूला ठेवता येत नाही. आवाज मोनोच ठेवला आहे, कुठे चार बाजूंनी फिरवलेला नाही. काही संवाद मूळचेच पुसट आहेत, तसेच राहू दिले आहेत. इंग्रजी उपशीर्षकं लावून घ्यावीत. त्या वस्तीची बोली आपल्या कानांना सहजी सापडत नाही.

आपल्याकडच्या व्हीसीडीच्या दिवसांत सिनेमाचे दोन-तीन तुकडे व्हायचे, आणि तुकडा कुठे पडणार ते कथा नाही, डिस्कवर मावणारी मिनिटं ठरवायची. आई हुंदका द्यायला तोंड उघडते आणि पडद्यावर पाटी येते, दुसरी डिस्क घाला. कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह तेवत असायचं. कित्येक मराठी कौटुंबिक चित्रपट मी असेच पाहिले आणि त्यांतल्या काहींची आज तेवढीच प्रत हाताशी आहे. म्हणून कुणी एका गाण्यासाठी इतकी वर्षं तगादा लावला हे वाचलं की मला आधी हेवा वाटतो, कौतुक नंतर.

तर मत विचाराल तर नवी प्रत घ्या. भारतात ती बाहेरून मागवावी लागेल. क्रायटेरियनची अमेरिकी ब्लू-रे 'ए' विभागाची असते, आपला विभाग 'सी', त्यामुळे साध्या प्लेअरवर ती चालणार नाही. 4के डिस्कला असं विभागाचं कुलूप नसतं, पण तिला 4के प्लेअरच लागतो. पाहण्याआधी टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, नाहीतर वॉट्सची पोरं दुपारच्या मालिकेतल्यासारखी पळताना दिसतील. आणि 2007 चा संच कुणाकडे जुन्या सामानात सापडला तर सोडू नका. त्यात शेवटचं गाणं चुकीचं आहे, पण बर्नेटचा 1983 चा 'माय ब्रदर्स वेडिंग' दोन्ही रूपांत आहे: निर्मात्यांच्या घाईपायी अर्धवट बाहेर पडलेलं लांब रूप, आणि बर्नेटने चोवीस वर्षांनी स्वतः कापून अर्ध्या तासाने आखूड केलेलं. आखूडच बघा.